लो-फ्लोअर ट्राम: मजला खाली आणायचा तर चाक कुठे ठेवायचे?

बेळगावच्या उद्यमबागेत यंत्र अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने तीन प्रश्न विचारले आहेत. शहरी बसचा मजला ४०० मिलिमीटरवर येतो, मग ट्रामचा मजला ३५० मिलिमीटरवर आणायला युरोपातील कारखान्यांना एवढी वर्षे का लागली? ‘शंभर टक्के लो-फ्लोअर’, म्हणजे सर्वत्र सखल मजल्याची गाडी ‘सत्तर टक्के’ गाडीपेक्षा खरोखर चांगली असते का? आणि बेळगावात अशी ट्राम धावायची झाली तर अडचण गाडीची येईल की रस्त्याची, शिवाय आपल्या फाउंड्र्यांना त्यात काही काम मिळेल का? माझी सारी नोकरी रुळांवरील गाड्यांच्या बोगींचे आरेखन आणि देखभाल यांत गेली. येथे बोगी म्हणजे डबा नव्हे, तर डब्याखालची चाकांची चौकट. उत्तराची सुरुवात चाकापासून करतो, कारण मजल्याचा प्रश्न मुळात चाकाचाच आहे.

बसच्या पुढच्या चाकांमध्ये आरपार फिरणारा आस (ॲक्सल) नसतो, इंजिन मागे ढकलता येते आणि गाडी वळवण्याचे काम चालक सुकाणूने करतो. त्यामुळे पुढच्या व मधल्या भागातील मजला उतरवताना बसच्या आरेखकाला मूळ तत्त्वाला हात लावावा लागत नाही. रुळावरील गाडीला सुकाणू नसते. तिची दोन्ही चाके एकाच आसावर घट्ट दाबून बसवलेली असतात व त्या आसासह एकत्र फिरतात, आणि चाकाची धाव, म्हणजे रुळावर टेकणारा पृष्ठभाग, किंचित निमुळती कातलेली असते. गाडी डावीकडे सरकली की डावे चाक मोठ्या व्यासावर आणि उजवे चाक लहान व्यासावर लोळते, डावे चाक प्रत्येक फेऱ्यात थोडे जास्त अंतर कापते आणि आस आपोआप मध्याकडे वळतो. बैलगाडीत याच्या नेमके उलट असते: आस स्थिर आणि चाके त्यावर सुटी, म्हणून ती वाट सोडून जाते आणि बैलांनाच तिला सरळ ठेवावे लागते.

आता आकडेमोड पाहा. पारंपरिक ट्रामचे चाक ६६० ते ७०० मिलिमीटर व्यासाचे असे, त्याच्या आसावर गिअरबॉक्स, शेजारी आडवी मोटर, वर बोगीची चौकट, तिच्यावर स्प्रिंग आणि डब्याचा मध्यखिळा. हे सगळे थर एकावर एक रचले की मजला रुळाच्या माथ्यापासून ८५० ते ९०० मिलिमीटरवर जाणारच, आणि दारात दोन-तीन पायऱ्या येणारच. चाक लहान करून ६०० मिलिमीटरचे घेतले तरी आसाचा मध्य ३०० मिलिमीटरवर असतो. आसाची त्रिज्या ७५ धरली तर त्याचा माथा ३७५ वर येतो. भरलेल्या गाडीत स्प्रिंग दबण्यासाठी निदान ५० मिलिमीटर मोकळी जागा हवी, आणि मजल्याच्या पत्र्यासह आधाराची जाडी ४० धरा. बेरीज ४६५ होते. म्हणजे खरा, आरपार आस ठेवायचा असेल तर त्याच्यावरचा मजला साधारण ४५० ते ४८० मिलिमीटरच्या खाली येत नाही. ३५० हवे असतील तर दोन चाकांमधून आस काढून टाकावा लागतो किंवा तो खाली वाकवावा लागतो, आणि आस गेला की वर सांगितलेला आपोआप मध्यावर येण्याचा गुणही जातो. युरोपातील सगळी वर्षे या एका ओळीत खर्च झाली.

पहिली पावले सावध होती. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हासाठी व्हवे येथील कारखान्याने १९८४ मध्ये जी गाडी आणली, तिच्या दोन्ही टोकांच्या मोटर-बोगी जुन्याच पद्धतीच्या होत्या आणि मधल्या विनामोटर बोगीला अवघी ३७५ मिलिमीटर व्यासाची चाके होती. चाकच एवढे लहान केल्यामुळे मधला मजला ४८० मिलिमीटरवर आला. एवढ्या लहान चाकाचे तोटे कोणीही कार्यशाळेतला माणूस सांगेल. ते वेगाने फिरते, लवकर झिजते, आणि रुळाच्या सांध्यावर व क्रॉसिंगवर त्याचा ठोका जास्त बसतो. तरीही मोटर नसलेल्या बोगीपुरती ती तडजोड चालून गेली.

फ्रान्समधील ग्रनोब्ल येथे १९८३ मध्ये ट्रामसाठी जनमत घेण्यात आले आणि १९८७ मध्ये मार्ग सुरू झाला. तेथील अपंगांच्या संघटनांनी आग्रह धरल्यामुळे फ्रान्सच्या प्रमाणित ट्रामचे आरेखन बदलण्यात आले आणि दाराशी मजला ३४५ मिलिमीटरवर आला. दोन टोकांना नेहमीच्या बोगी, त्यांच्यावर उंच मजला, आणि मध्ये सखल भाग, असा तो नमुना आहे. आज ज्याला ‘सत्तर टक्के’ म्हणतात त्याची पक्की घडी ग्रनोब्लमध्ये बसली. गाडीच्या इतिहासात तांत्रिक कल्पनेइतकेच ती मागणाऱ्याचेही श्रेय असते, आणि येथे मागणारे ठाम होते. नाहीतर त्या काळातील कारखान्यांना पायऱ्यांमध्ये गैर काही दिसत नव्हते.

सर्वत्र सखल मजला असलेली गाडी १९९० मध्ये जर्मनीतील ब्रेमेनमध्ये आली. ‘मान’ (MAN) या कंपनीच्या त्या नमुन्यात तीन भाग होते, प्रत्येक भागाच्या मध्याखाली एक बोगी होती आणि मजला ३५० मिलिमीटरवर होता. याच जातीच्या गाड्या पुढे म्युनिक, बर्लिन आदी शहरांत गेल्या आणि तिचेच एक रूप १९९७ मध्ये जपानच्या कुमामोतोमध्ये पोहोचले. व्हिएन्नाने याच काळात याहून टोकाचा मार्ग धरला. तेथील ‘उल्फ’ या गाडीत बोगीच नाही. दोन डब्यांच्या सांध्यात कमानीसारखी चौकट उभी केलेली आहे, चाके त्या चौकटीच्या दोन पायांत आहेत आणि मोटर उभी बसवलेली आहे, त्यामुळे दाराशी मजला केवळ १९७ मिलिमीटरवर आला. पदपथावरून सरळ पाऊल गाडीत पडते. अभियंता म्हणून मला ती गाडी अतिशय आवडते आणि खरेदीदार म्हणून मी ती कधीही घेतली नसती. व्हिएन्नाबाहेर रुमानियातील ओरादिया सोडले तर ती रुजली नाही, आणि २०१४ मध्ये व्हिएन्नाने पुढच्या गाड्यांसाठी निराळ्या, साध्या रचनेची निवड केली. १९७ आणि ३५० यांच्यातील फरक फलाट उचलून भरून काढता येतो. तेवढ्यासाठी सारी यंत्रणा एकाच शहरापुरती करणे महागात पडते.

आस काढल्यावर काय होते ते आता नीट पाहू. सुटी चाके सरळ मार्गावर स्वतःहून मध्यावर येत नाहीत. बोगी एका रुळाला चिकटून धावते आणि त्या बाजूच्या चाकाची कड झिजत राहते. तीक्ष्ण वळणावर मात्र चित्र उलटे होते. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा इतका लांब पडतो की एका आसावरील दोन चाकांनी न घसरता वळायचे तर ६०० मिलिमीटरच्या चाकांच्या व्यासात सुमारे ४५ मिलिमीटरचा फरक लागेल. निमुळत्या धावेतून मिळणारा फरक थोड्याच मिलिमीटरचा असतो. म्हणून अशा वळणावर आसाची चाके घसरतात, किंचाळतात आणि रूळ खातात, तर सुटी चाके आपापल्या गतीने निमूट फिरतात. कोणती रचना चांगली, याचे उत्तर त्यामुळे शहराच्या नकाशात शोधावे लागते: मार्गात लांब सरळ पट्टे किती आणि चौकातली वळणे किती. सुट्या चाकांवर उपायही निघाले. एका बाजूची पुढची व मागची चाके एकाच लांब मोटरला जोडली गेली, किंवा प्रत्येक चाकाला वेगळी मोटर देऊन तिचा जोर इलेक्ट्रॉनिक पद्धतीने कमी-जास्त केला गेला. हे उपाय चालतात, पण त्यांचा भार देखभालीवर येतो.

दुसरा परिणाम डब्याच्या सांगाड्यावर होतो, आणि तो अधिक गंभीर आहे. सखल मजल्याखाली बोगीला डब्याच्या मानाने वळायला जागा उरत नाही. म्हणून बोगी डब्याला जवळजवळ पक्की जोडतात, डबे आखूड करतात, आणि दोन बोगीवाल्या डब्यांच्या मध्ये एक बिनचाकाचा डबा लटकवतात. अशी गाडी वळणात शिरते तेव्हा बोगीसह संपूर्ण डबा एकदम वळतो, रुळाला आडवा धक्का बसतो आणि सांध्यांमधून पीळ पुढच्या डब्यात जातो. सीमेन्सची ‘कॉम्बिनो’ ही ॲल्युमिनियमची, जोडभागांतून उभी राहणारी ट्राम १९९६ मध्ये पुढे आली आणि पॉट्सडॅम, फ्रायबुर्ग, बाझल अशा अनेक शहरांनी ती घेतली. मार्च २००४ मध्ये कंपनीला १ लाख २० हजार किलोमीटरपेक्षा जास्त धावलेल्या गाड्या सेवेतून काढण्याचा सल्ला द्यावा लागला, कारण छत आणि बाजूच्या खांबांच्या जोडांत भेगा आढळल्या. एकापाठोपाठ उलटसुलट येणाऱ्या वळणांवर सांगाड्याला बसणारा पीळ आरेखनात धरलेल्या पिळापेक्षा जास्त होता. बोगीवर काम करणाऱ्या प्रत्येक तरुण अभियंत्याला मी हे उदाहरण देतो, कारण बोगीच्या वळण्यावर घातलेल्या बंधनाची किंमत छताच्या जोडाने चुकती केली. आपण हलका केलेला भार गाडीत दुसरीकडे कुठे गेला, हे तपासल्याशिवाय आरेखन पूर्ण झाले असे मानू नये.

यानंतर कल बदलला. प्रागच्या ‘१५ टी’ या श्कोदानिर्मित ट्रामला वळणाऱ्या बोगी आहेत, मधल्या बोगी दोन डब्यांच्या सांध्याखाली आहेत, सगळी चाके मोटरने फिरतात, आणि प्रत्येक चाकाला गिअरबॉक्सशिवाय चालणारी स्वतंत्र मोटर आहे. दाराशी मजला ३५० आणि बोगीवर ४५० मिलिमीटर. मधला १०० मिलिमीटरचा चढ ८ टक्के उताराने घेतला तर सव्वा मीटरमध्ये उरकतो, आणि आत पायरी राहत नाही. प्रागसारख्या चढउतारांच्या व जुन्या वळणांच्या शहराला ही मांडणी मानवली.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की टक्केवारी हा चुकीचा निकष आहे. प्रवाशाच्या दृष्टीने तीन गोष्टी पाहाव्यात: सर्व दारे फलाटाच्या पातळीवर आहेत का, गाडीच्या आत पायरी आहे का, आणि चाकांच्या पेट्यांमधून चाकाची खुर्ची किंवा बाळगाडी जाईल एवढी वाट उरते का. सत्तर टक्के गाडीत टोकाच्या बोगीवर चढणाऱ्या एक-दोन पायऱ्या आतच असतात, आणि आणीबाणीत रुळाला चिकटणारा विद्युतचुंबकीय ब्रेक लागला की त्या पायरीवर उभा असलेला वृद्ध माणूस हमखास पडतो. मला ही त्या गाडीची मोठी उणीव वाटते. उलट सर्वत्र सपाट मजल्याच्या गाडीत बोगीवरची वाट अनेकदा इतकी अरुंद होते की दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. आत सौम्य उतार स्वीकारून वळणारी बोगी ठेवलेली गाडी मी निवडीन. तिच्या माहितीपत्रकात ‘शंभर टक्के’ शब्द छापलेला असो वा नसो.

मजला खाली आला की यंत्रसामग्री छतावर जाते, हे वेगळे सांगायला नको. परिणाम मात्र मोठे आहेत. कन्व्हर्टर, ब्रेकचे रोधक, वातानुकूलन यांचे काही टन वजन वर गेल्याने गुरुत्वमध्य उंचावतो, छताचा सांगाडा जड करावा लागतो, आणि कार्यशाळेत खालच्या खड्ड्याइतकेच छताच्या उंचीचे कठडेबंद माचे आणि वरची क्रेन आवश्यक होते. गाडीच्या किमतीवर चर्चा करणारी मंडळी हा खर्च हिशेबात धरत नाहीत.

आता बेळगाव. आपल्याकडे ट्रामची आठवण मुंबईची आहे. तेथे ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये ती विजेवर आली आणि ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. कोलकात्यात टिकलेली ट्रामही उंच मजल्याचीच आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ‘मेट्रोलाइट’साठी, म्हणजे लहान शहरांसाठीच्या हलक्या मेट्रोसाठी, जी मानके काढली त्यांत मात्र सखल मजल्याचीच गाडी धरलेली आहे, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने सुगम वाहतूक ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. त्यामुळे उंच मजल्याची नवी ट्राम हा पर्याय आता उरलेला नाही.

तसे पाहिले तर पायरी घालवण्याचा उलटा मार्ग आपल्या शेजारीच आहे. हुबळी-धारवाडच्या जलद बस मार्गावर ‘चिगरी’ बसगाड्यांचा मजला उंचच ठेवून रस्त्याच्या मध्यावरचे थांबे तेवढे उंच बांधले आहेत. साधा, स्वस्त बसचा साचा वापरता येतो, हा त्याचा फायदा. पण त्यासाठी रस्त्यात उंच बांधकाम, तिथवर चढायला उतरंड आणि रुंद पट्टा लागतो. खानापूर रस्त्यावर असे थांबे कदाचित बसतील. गणपत गल्ली किंवा खडेबाजारात ते बांधायचे म्हटले तर दुकानाच्या पायरीला फलाट लागेल. सखल मजल्याच्या ट्रामला ३०० मिलिमीटरच्या आसपासचा फलाट पुरतो आणि तो थोडा उचललेला पदपथच असतो. शिवाय ट्राम रुळावर असल्याने फलाट आणि दार यांच्यातील फट दर वेळी तेवढीच राहते. बस फलाटाला किती जवळ लागेल हे चालकाच्या हातावर आणि शेजारी उभ्या केलेल्या दुचाकीवर अवलंबून असते. पिशव्या घेऊन बाजारातून परतणाऱ्या बायका, काठीवाले म्हातारे आणि रुग्णालयाकडे निघालेले रुग्ण यांना ही फट नेमकी कळते, आणि थांब्यावरचा वेळही तिथेच वाचतो. फलाट मात्र सरळ हवा. वळणावर घेतला की फट वाढते.

बेळगावात दोन्ही प्रकारचे मार्ग आहेत. उद्यमबागेपासून गोगटे सर्कलपर्यंतचा पट्टा लांब आणि बहुतांश सरळ आहे, तर बोगारवेस, रामलिंग खिंड गल्ली, शहापूर हा भाग वळणांचा. कपिलेश्वरच्या पुलासारखे चढ आणि पावसाने ओले रूळ एकत्र आले की फक्त टोकांच्या बोगींना मोटर असलेली गाडी घसरू लागते, कारण सर्व वजनाचा उपयोग पकडीसाठी होत नाही. येथे प्रागच्या अनुभवाकडे पाहावे, गुळगुळीत सपाट शहरांच्या नव्हे.

मला खरी भीती पाण्याची वाटते. सखल गाडीत मोटर व गिअरबॉक्सची तळपातळी रुळाच्या माथ्यापासून अनेकदा १०० मिलिमीटरच्या आत असते, आणि चाक ६०० वरून झिजून ५२० मिलिमीटरवर आले की आणखी ४० मिलिमीटर खाली जाते. डब्याची उंची स्प्रिंगखाली पट्ट्या भरून पुन्हा वर आणता येते, पण चाकाला जोडलेली मोटर वर येत नाही. आपल्याकडे जुलैत गटारे तुंबून रस्त्यावर घोटाभर पाणी साचणे काही नवीन नाही, आणि बळ्ळारी नाला फुगला की शहापूर-वडगावच्या बाजूला काय होते ते तुम्ही पाहत आला आहात. खाच असलेल्या रुळांत माती व कचरा बसला की चाकाची कड उचलली जाते, हा आणखी एक धोका. रुळाच्या खाचेला स्वतंत्र निचरा, पावसापूर्वी खाच साफ करणारे वाहन आणि पाणी अमुक पातळीवर आले की गाडी थांबवण्याचा लेखी नियम, या तीन गोष्टी गाडीच्या निविदेआधी ठरल्या पाहिजेत. अडचण गाडीची की रस्त्याची, या प्रश्नाचे सरळ उत्तर रस्त्याची, आणि त्यातही रस्त्याखालच्या गटाराची.

फाउंड्र्यांबद्दल. बोगीची चौकट हे वेल्डिंगचे काम आहे आणि युरोपीय मानकानुसार तिला साधारणपणे १ कोटी भारचक्रांची चाचणी द्यावी लागते. त्या वाटेला लगेच जाऊ नये. पण आसपेटी (आसाच्या टोकाचे बेअरिंग धरणारी पेटी), गिअरबॉक्सचे आवरण, मोटरची झाकणे, सांध्यांचे ब्रॅकेट ही एसजी आयर्नची, म्हणजे चिवट ओतीव लोखंडाची, कास्टिंग आहेत, आणि उद्यमबाग व मच्छे भागात ती ओतणारे व मशीनवर घेणारे हात आहेत. रेल्वे-ट्रामसाठी मागितला जाणारा ४००-१८ हा ग्रेड, म्हणजे ४०० मेगापास्कल ताणशक्ती आणि १८ टक्के लांबण, येथे मिळवणे अशक्य नाही. अडते ते कागदावर. प्रत्येक कास्टिंगला वितळीचा क्रमांक, त्याच वितळीचा चाचणी-दांडा, अल्ट्रासोनिक तपासणीची नोंद आणि ती नोंद गाडीच्या आयुष्यभर, म्हणजे ३० वर्षे, सापडेल अशी व्यवस्था हवी. वाहन उद्योगाला पंपाची आवरणे पुरवताना एवढे कोणी मागत नाही. तुमच्या प्रकल्पासाठी एखाद्या फाउंड्रीसोबत काम करायचे असेल तर गिअरबॉक्सच्या आवरणापासून सुरुवात करा. त्यात बेअरिंगच्या छिद्रांची समांतरता आणि तेलगळती या दोन गोष्टी सांभाळल्या की तुमचे काम तपासता येते, आणि ते बिघडले तरी गाडी रस्त्यात थांबते, रुळावरून उतरत नाही. आसपेटीला हात नंतर घाला, आणि ब्रेकच्या कॅलिपरला त्याच्याही नंतर.